भरलेली मारबत

गोकुळा अखेर बोलली. एक पावसाळा गेला, हिवाळा-उन्हाळा गेला, दुसरा पावसाळा अर्धा सरत आला, तेव्हा कुठे तिच्या तोंडून शब्द फुटला, आणि तो गुणवंतरावांनी स्वतःच्या कानांनी ऐकला. शब्द होता, ‘आवळ.’

हा दिवस दिसावा म्हणून गुणवंतरावांनी मार्कंड्याच्या महादेवाला अभिषेक कबूल केला होता. महादेवाने ऐकलं, पण पत्ता चुकवला. कारण ‘आवळ’ हे गोकुळा त्यांना, आपल्या नवऱ्याला, म्हणाली नव्हती. इस्तारीला म्हणाली होती.

इस्तारी हा ढिवर. त्याच्या घराण्यानं पिढ्यानपिढ्या तळ्यावर मासे धरून पोट भरलं, आणि यालाच एका सकाळी पाण्याची अशी धास्ती बसली की आंघोळीची बादली दिसली तरी लटलट कापे. घरच्यांनी देवऋषी केले, धूप-अंगारा केला, शेवटी इथं, गोकुळा होती तिथंच, आणून सोडला. इथं म्हणजे पोंभुर्ण्याच्या अलीकडे, सागाच्या रानाला लागून जंगलखात्याचा एक जुना डेपो होता तिथं. जिल्हा नुकताच मध्य प्रदेशातून उठून मुंबई राज्यात जाऊन बसला होता. नव्या सरकारला जुन्यापेक्षा काही वेगळं केल्याचं दाखवायचं होतं, तेव्हा डेपोत लाकडांऐवजी माणसं ठेवायचं ठरलं. पाटीवर ‘मानसोपचार केंद्र’ असं लिहिलं होतं. लोक पागलखाना म्हणत, आणि पत्ता विचारणाऱ्याला पाटी वाचायला न लावता सरळ तिथं पोचवत.

केंद्रावर डॉक्टर वैरागडे नावाचे तरुण गृहस्थ होते. माणूस एकटा बिघडत असेल, पण एकटा सुधारत नाही, असं त्यांचं मत होतं. म्हणून ते रोग्यांना मिळून एखादी वस्तू करायला लावत. आधी चटया झाल्या, त्यात भांडणं फार झाली. मग डॉक्टरांनी विचारलं, तुम्हीच सांगा, काय करायचं? त्यावर सुगंधाबाई उठून उभ्या राहिल्या. सुगंधाबाई म्हणजे केंद्रातल्या सगळ्यात जुन्या रोगी. त्यांना आपल्या घरातली माणसं बदलून कोणी दुसरीच ठेवली आहेत असं वाटे. बाकी सगळ्या बाबतीत त्या डॉक्टरांपेक्षा शहाण्या होत्या.

“पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी गावोगाव मारबत काढते,” त्या म्हणाल्या. “गावाची ईडा-पिडा तिच्यात भरते अन् शिवेबाहेर नेऊन जाळते. ज्याईच्या घरी मच्छर अन् खोकला, त्याईले मारबत पाह्यजे. आमी तं पिडेतच राहून राह्यलो, आमाले काऊन नाई?”

डॉक्टरांनी तेवढ्यावर बांबू मागवले.

तर मारबतीची ही बाहुली चालली होती. एकानं भाताच्या तणसाचे पेंढे वळायचे, दुसऱ्यानं ते बांबूच्या सांगाड्यावर बांधायचे, तिसऱ्यानं माती मळायची. नाक बसकं असावं की टोकदार, यावर मतं मागवली जात. गोकुळेनं एका दुपारी कोणी न सांगता तांदळाच्या पिठानं जमिनीवर मोठा थोरला चेहरा काढला, आणि तोच सगळ्यांनी नक्की केला. केस कशाचे करायचे, तर इस्तारी म्हणाला, जाळ्याचे. पाण्याला भिणारा माणूस जाळं विणायला बसला. गोकुळा त्याला दोर पुरवायची. आणि एका बाजाराच्या दिवशी, भेटीच्या वेळी, गुणवंतराव डबा घेऊन चुन्याच्या रेघेअलीकडे बसलेले असताना, एक गाठ सैल पडली आणि ती म्हणाली, “आवळ.”

इस्तारीनं गाठ आवळली. आपण काही विशेष ऐकलं असं त्याच्या तोंडावर नव्हतं, आणि गुणवंतरावांना हेच जास्त लागलं.

रेघेपलीकडे नातेवाइकांनी जायचं नाही, असा नियम होता. गुणवंतराव गेले. मारबतीच्या पायाशी मांडी घालून त्यांनी तणसाची पेंढी उचलली.

“ठेवा ते,” सुगंधाबाई म्हणाल्या.

“मी मदत करून राह्यलो, बाई.”

“तुमी शहाने मानसं. तुमी तिकडं बसा.”

“अवं पन हे माह्यी बायको हाये!”

“आसन न. तुमची बायको हाये, मारबत तं आमची हाये.”

गुणवंतराव डॉक्टरांकडे गेले. गावच्या शाळा कमिटीचे ते अध्यक्ष होते आणि वरच्या माणसाशी बोललं की काम होतं, हा त्यांचा अनुभव होता.

“गोकुळा बोलली, डॉक्टरसाहेब.”

“ऐकलं मी! पेढे वाटा, गुणवंतराव.”

“कोनाले वाटू? त्या ढिवराले?”

डॉक्टर हसले. “बरं, तुमच्याशी काय बोलायला हवं होतं तिनं?”

“काहीबी. ‘आवळ’ म्हनली असती तं मी काय आवळलं नसतं?” त्यांनी इकडंतिकडं पाहिलं आणि आवाज खाली आणला. “मी काय म्हनतो, मलेबी थोडंसं पागल लिहून द्या न. मारबतीपुरतं.”

“त्यासाठी तपासावं लागेल,” डॉक्टर गंभीरपणे म्हणाले. “आणि तपासल्यावर काय निघेल ते आधी सांगता येत नाही.”

गुणवंतरावांनी तपासणीचा विषय तिथंच सोडला.

खरं म्हणजे त्यांच्या घरात काय झालं ते सगळ्या गावाला माहीत होतं. लग्नानंतर फार उशिरा मुलगी झाली, आणि आठवड्याच्या आत, बारशाच्या आधी, गेली. घरात सगळ्यांनी डोळे पुसले आणि गुणवंतरावांनी कर्त्या माणसासारखा निर्णय दिला, की आता हा विषय कोणी काढायचा नाही. निर्णय चोख पाळला गेला. गोकुळेनं तो इतका मनावर घेतला की तिनं हळूहळू सगळेच विषय बंद केले. मग ती भर दुपारी उठून तळ्याच्या पाळीवर जाऊन बसू लागली. गुणवंतरावांनी हात राखला नाही. नागपूरचं औषध आणलं, चांद्याचा वैद्य आणला, केंद्रात आणून ठेवल्यापासून एक बाजार चुकवला नाही. दर वेळी डबा. कधी पाटवड्या, कधी अळूच्या वड्या, कधी गूळ घातलेली तांदळाची खीर. गोकुळा डबा घ्यायची आणि आत न्यायची. तो आत गेल्यावर कोण खातं हे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. त्या दिवशी मात्र परत निघताना त्यांना इस्तारीच्या मिशीला खिरीचं शीत दिसलं.

त्या शितानं गुणवंतरावांचं डोकं फिरलं. बैलांची दमनी घराकडे लागली तरी शीत डोळ्यांपुढून हलेना. चार खंडी भाताचा मालक, मारुतीच्या देवळाला स्वतः फरशी घालून देणारा माणूस, आणि त्याला एका ढिवराचा हेवा वाटावा, तोही वेड्या ढिवराचा! शहाण्या माणसाचा हेवा वाटला तर निदान चारचौघांत सांगता येतो. आणि इस्तारीजवळ होतं तरी काय? एक दोराचा गुंडा. मग आपल्याला कमी कशाची आहे? दमनी गावाच्या आंब्यापर्यंत आली तेव्हा उत्तर सापडलं होतं. कमी होती मारबतीची.

दुसऱ्या दिवशी त्यांनी बुरडाला बोलावलं. अशी मारबत कर म्हणाले, की पंचक्रोशीनं तोंडात बोट घालावं. ती दमनीत घालून पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याच्या सकाळी, केंद्रावर न्यायची. तिच्यापुढे त्या लोकांची मारबत म्हणजे शेतातलं बुजगावणं दिसेल. गोकुळा पाहील, कोणी केली म्हणून विचारील, आणि विचारणं म्हणजे बोलणंच की.

बुरडानं उभ्या माणसाहून उंच सांगाडा केला. घरातली जुनी लुगडी नेसवली, पतंगी कागदाची फुलं लावली. डोळे मात्र गुणवंतरावांनी स्वतः काढले. काजळीत बोट बुडवून, श्वास रोखून काढले. एक डोळा जरा वर गेला, पण त्यांना तो बोलका वाटला.

त्यांच्या आई रुखमाबाई ओसरीवरून सगळं पाहत होत्या. “बायकोसाठी लोक लुगडं नेते,” त्या म्हणाल्या. “तू मारबत नेतं काय रे?”

“तुले नाई समजत, माय.”

“नाई समजत, बाप्पा. माह्या नवऱ्यानं मले कदी मारबत नाई आनली.”

गावानं ती उंची पाहिली आणि त्या वर्षी स्वतःची वेगळी मारबत करायची तसदी घेतली नाही. गुणवंतरावभाऊंनी केलीच आहे, आणि गावासाठी नाही तर कोणासाठी करतील?

पोळा झाला. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता दमनी निघाली, आणि घराघरांतून माणसं धावत आली. एकीनं खोकणाऱ्या पोराच्या अंगावरून फडकं उतरवून मारबतीच्या पोटात खोचलं. एकानं झाडायचा झिजलेला फडा टाकला. मलेरियाचे फवारेवाले भिंती पांढऱ्या करून गेले तरी न गेलेल्या डासांच्या नावानं कोणी राख टाकली. म्हातारा सोमाजी आपल्या गुडघ्याची पट्टी सोडून मारबतीला बांधून गेला. रुखमाबाईही काहीतरी पदराआड आणून तणसात खोलवर सारून गेल्या. “ईडा पिडा, खासी खोकला, घेऊन जा गे मारबत!” असा गजर करत सगळं गाव शिवेपर्यंत मागं आलं आणि तिथून परतलं. गुणवंतराव पुढं बसून दोन्हीकडे मान लववत होते. आपल्या कलेला एवढी गर्दी लोटेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

केंद्राच्या अलीकडे एक नाला आहे. नाल्यापर्यंत या बाजूची शीव, पलीकडे केंद्राची. दमनी नाल्यावरच्या दगडी मोरीच्या पुलावर आली आणि समोरून केंद्राची मारबत आली. पुढं सुगंधाबाई, खांदा द्यायला इस्तारी आणि बाकीचे, बाजूला गोकुळा, सगळ्यांच्या मागं छत्री घेतलेले डॉक्टर. बारीक पाऊस होता. मारबत ठेंगणी होती, एक हात लांब, एक आखूड, पण चेहरा असा होता की गुणवंतरावांच्या बैलांनी कान टवकारले.

सुगंधाबाईंनी हात वर केला. मिरवणूक थांबली.

“कोन्या गावची?”

“आमच्या गावची,” गुणवंतराव उठून उभे राहिले. त्यांचं लक्ष गोकुळेकडे होतं. ती पाहत होती.

“भरलेली का रिकामी?”

“रिकामी कशी? सारा गाव लोटला होता!” गुणवंतराव अभिमानानं म्हणाले.

आणि ते म्हणता म्हणता त्यांच्या लक्षात आलं.

या मुलुखात शेंबड्या पोराला कळतं, की एका गावची मारबत दुसऱ्या गावच्या शिवेत न्यायची नसते. नेली तर आपली सगळी पीडा त्यांच्या दारात ओतली असं होतं. त्यावरून डोकी फुटली आहेत. गुणवंतरावांनी स्वतः तरुणपणी, शेजारच्या गावानं मारबत जरा अलीकडे जाळली म्हणून, त्यांच्या खाचराची चाकं काढून तळ्यात टाकली होती.

“माय वो!” सुगंधाबाईंनी कपाळावर हात मारला. “साऱ्या गावाची खाज-खोकला आमच्या दारात! आमाले काय कमी हाये काय, म्हनून तुमी आनखी आनता?”

“बाई, मी त्या इराद्यानं नाई आनली...”

“मंग कोन्या इराद्यानं आनली जी?”

या प्रश्नाचं खरं उत्तर चारचौघांत देण्यासारखं नव्हतं. “वापस नेतो,” गुणवंतराव पुटपुटले.

“वापस?” आता इस्तारी बोलला. तो मोरीच्या मधोमध, पाण्यापासून शक्य तेवढा दूर उभा होता. “भरलेली मारबत वापस नेली तं गाव तुमाले घरात घेईन काय, भाऊ?”

नसतंच घेतलं. पुढं जाता येईना, मागं फिरता येईना. शाळा कमिटीचे अध्यक्ष गावाचा खोकला, डास आणि सोमाजीचा गुडघा घेऊन मोरीवर पावसात उभे राहिले. त्यांनी डॉक्टरांकडे पाहिलं. वरच्या माणसानं छत्री जरा पुढं झुकवली आणि तोंड आड केलं. तो हसत होता की विचार करत होता, कळायला मार्ग नव्हता.

“नाल्याची रेती कोन्याच गावात नाई येत,” इस्तारी म्हणाला. “दोनी तिथीच जाळू. एकीले एकीची सोबत.”

सगळ्यांनी एकमेकांत विचारलं. नाकाबद्दल विचारलं होतं तसंच. ठरलं. एकट्या गुणवंतरावांचं मत कोणी विचारलं नाही, आणि त्यांची अब्रू मात्र त्यात वाचत होती. वाचवणारा इस्तारी होता, म्हणून ती वाचल्याचंही त्यांना सुख लाभेना.

मारबत दमनीतून उतरवली. गोकुळा जवळ आली. तिनं तोंड निरखलं.

“डोळे कोनं काढले?”

ती गुणवंतरावांशी बोलत होती. “म्या.”

“एक आभाळात पाह्यते.”

बस, एवढंच. पण तेवढ्यानं ते सुखावले. इस्तारीला ‘आवळ’ मिळालं असेल, आपल्याला सगळं वाक्य मिळालं. त्यांनी विजयी नजरेनं इस्तारीकडे पाहिलं. तो जाळ्याचे केस सारखे करत होता.

मारबत आडवी करताना पोटाचं तणस सुटलं. फडा निघाला, पट्टी निघाली, चिंध्या निघाल्या. आणि तळातून एक पिवळं लहानसं कापड निघालं. गोकुळेनं ते उचललं आणि ती उभीच राहिली.

“एखाद्या लेकराची चिंधी हाये,” गुणवंतराव म्हणाले. “टाक वो ते. खासीचं लेकरू असन.”

ती हलली नाही. इस्तारीनं वाकून पाहिलं. “हे थेच झबलं होय न, बाई?” तो हळू म्हणाला. “खालच्या काठाले हिरवा टाका?”

गोकुळेनं काठ उलटून दाखवला. हिरवा टाका होता.

गुणवंतरावांना समजायला थोडा वेळ लागला. पहाटे पदराआड काही घेऊन आलेली आई डोळ्यांपुढं उभी राहिली.

“मले मालूम नवतं,” ते म्हणाले. “गोकुळा, गळ्याची आन! मायनं टाकलं असन.”

“त्याईनंच टाकलं,” गोकुळा म्हणाली. “घरातून पिडा जाईन म्हनून टाकलं असन. त्याईचं काय चुकलं?”

तिनं झबलं घडी करून पोटाशी धरलं. तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, रागाला उत्तरं देता येतात. गुणवंतराव इस्तारीकडे वळले.

“तुले कसं मालूम रे? मी बाप हावो. मले वळखता नाई आलं.”

“बाईनं सांगतलं होतं न जी. दोर देता देता सांगे.” इस्तारी ओशाळला. “झबलं सांगतलं. जावळ कसं होतं थे सांगतलं. नाव सांगतलं.”

“नाव? नाव कुठी ठेवलं होतं? बारसं तं झालंच नाई.”

“बाईनं ठेवलं होतं.”

“काय ठेवलं होतं?”

इस्तारीनं गोकुळेकडे पाहिलं, मग खाली पायांकडे. “थे बाईलेच पुसा, भाऊ. मी कोन सांगनारा?”

आजवर गुणवंतरावांना वाटत होतं, की आपल्याला बायकोच्या बोलण्याचा हेवा वाटतो. मग वाटलं, खिरीचा वाटतो. आता पाऊस मानेवरून आत ओघळत असताना त्यांना कळलं, की हा पाण्याला भिणारा माणूस आपल्या मुलीला ओळखतो, आणि आपण ओळखत नाही. तिचं जावळ कसं होतं ते आठवायचा त्यांनी प्रयत्न केला. त्यांना आठवला तो फक्त आपण दिलेला निर्णय.

“मले सांगशीन?” ते म्हणाले. हे मात्र त्यांनी अध्यक्षाच्या आवाजात विचारलं नाही.

गोकुळेनं त्यांच्याकडे पाहिलं. फार वेळ पाहिलं. डबा घेताना ती इतका वेळ कधी पाहत नसे.

“इथी नाई,” ती म्हणाली. “मारबतीपुढं आपल्या मानसाचं नाव घेत नसते. सोबत घेऊन जाते थे.”

“मंग कदी?”

“बाजाराच्या दिशी या.” ती वळली, आणि पुन्हा थांबली. “डबा नका आनू. काईच नका आनू. बसाले या.”

दोन्ही मारबती रेतीवर आडव्या केल्या. तणस ओलं, पेटेना. डॉक्टरांनी कंदिलातलं घासलेट ओतलं. गजर झाला. सुगंधाबाईंनी बदललेल्या माणसांना घेऊन जायला सांगितलं, इस्तारीनं पाण्याचं नाव घेतलं. गोकुळा काही म्हणाली नाही, झबलं तिनं चोळीत ठेवलं होतं. गुणवंतरावांना कोणी म्हणालं, भाऊ, तुमीबी काई टाका. त्यांनी तोंड उघडलं, पण काय टाकायचं ते नक्की होईना. हेवा टाकावा म्हटलं, तर तो अजून जागच्या जागी होता. आणि खोटं बोलून मारबतीला रिकामीच वाटेला लावायची त्यांची हिंमत झाली नाही. ते नुसते “घेऊन जा गे” एवढं म्हणाले. काय न्यायचं ते तिच्यावर सोडलं.

धूर बसल्यावर केंद्राची माणसं परत फिरली. गोकुळा मोरीवरून जाताना दमनीशी थांबली आणि उजव्या बैलाच्या भिजल्या कपाळावरून तिनं हात फिरवला. “हा लय वाळला,” ती त्यालाच म्हणाली, आणि इस्तारीच्या मागोमाग निघून गेली.

घरी जाताना सगळ्या वाटेनं गुणवंतरावांनी त्या बैलाला पराणी लावली नाही. पण त्याच्याशी एक शब्दही बोलले नाहीत.